पंखा कितीवर आहे?

मराठीत राग पायातून वर चढतो. तळपायाची आग मस्तकात जाते. भीतीनं काळजात धस्स होतं, काळजीचा पोटात गोळा येतो, निकालाच्या दिवशी हातपाय गळतात आणि चारचौघांत अपमान झाला की कानशिलं तापतात. आपल्या आज्यापणज्यांनी शरीरशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पण भावना आधी अंगात उमटते आणि तिचं नाव मागाहून सुचतं, हे त्यांनी चुलीपुढं बसून ओळखलं होतं.

विज्ञान तिथवर पोचायला बराच वेळ लागला. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०६ साली शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांचं एक वेगळं खातं उघडलं. पुढं त्याला इंटरोसेप्शन हे नाव रूढ झालं. आपण अंतर्संवेदना म्हणू. डोळे, कान, नाक बाहेरची खबर आणतात, ही खबर आतली. भूक लागली, तहान लागली, छाती धडधडायला लागली, अंग तापलं. या बातम्या जिथं येऊन जमतात ती जागा मेंदूच्या एका खोल घडीत लपलेली आहे. तिचं नाव इन्सुला, म्हणजे लॅटिनमध्ये बेट. बड क्रेग या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञानं २००२ साली असं मांडलं की ‘मला कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर घडवण्यात या बेटाचा मोठा वाटा आहे. हृदय, पोट, स्नायू आपापली बातमी पाठवतात, बेटावर त्यांची जुळणी होते, आणि मग आपण म्हणतो, ‘मला राग आलाय.’ हे वाचल्यापासून मला स्वतःच्या चिडचिडीबद्दल कुतूहल वाटायला लागलंय. दुपारी चार वाजता घरच्यांवर खेकसणारा मी रागावलेला असतो, की नुसता उपाशी?

आता ही बातमी ज्याला उशिरा पोचते अशा मुलाकडे जाऊ.

समजा, नायगाव. सावित्रीबाईंचं नायगाव साताऱ्याकडचं. हे नांदेड जिल्ह्यातलं, नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला पन्नासेक किलोमीटरवरचं. मार्चमधली दुपार. नववीतला चौदा वर्षांचा मुलगा वार्षिक परीक्षेची गणितं सोडवतोय. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणं लावून चाललाय. लाईट गेलेली, पंखा बंद. शाळेतून आल्यापासून पोरगा पाणी प्यायलेला नाही, कारण तहान लागलीय हे त्याला कळलेलंच नाही. एक उदाहरण तीनदा चुकलंय. आई हाक मारते, ‘लेकरा, चार घास खाऊन घे.’ दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आणि ताट भिंतीवर जातं, वही फाटते, मुलगा स्वतःच्याच कपाळावर मुठी मारून घेतो. ‘कामून रे असं करायलास?’ आईला खरंच कळत नाही. त्यालाही कळत नाही. रात्री गोधडीत तोंड खुपसून तो म्हणतो, ‘मी येडाच आहे. माझ्यातच काहीतरी बिघडलंय.’

हा मुलगा माझ्या कल्पनेतला आहे. पण ज्या घरात स्वमग्न मूल वयात येतंय, तिथं हा प्रसंग कुणाला कल्पनेतला वाटणार नाही.

स्वमग्न. या शब्दापाशी जरा थांबू. ऑटिझम हे नाव स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून घडवलं. १९११च्या त्यांच्या ग्रंथात ते आहे, आणि तिथं ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरलंय. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करताना ते मुलांना लावलं. (ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी त्याच्या जवळजवळ दोन दशकं आधी मॉस्कोत सहा मुलग्यांचं असंच बारकाईनं वर्णन केलं होतं. त्यांचं नाव घ्यायला जगानं फार उशीर केला.) मराठीत त्याचं स्वमग्नता झालं. शब्द देखणा आहे, आणि मला तो खटकतो. स्वतःत मग्न, आत बुडालेला, असं चित्र त्यातून उभं राहतं. संशोधनातून दिसतं ते जवळजवळ उलटं. स्वतःची भावना ओळखू न येणं, तिला शब्द न सापडणं, याला अलेक्सिथायमिया म्हणतात. लंडनमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. इतर लोकांत हे शंभरात पाचेक जणांना असतं. स्वमग्न लोकांत शंभरातल्या सुमारे पन्नासांना. म्हणजे ज्यांना आपण स्वतःत बुडालेले म्हणतो, त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत माणूस आपल्याच घराच्या ओट्यावर बसून आत काय चाललंय याची वाट बघतोय.

सारा गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये वीस स्वमग्न प्रौढांना एक साधं काम दिलं. नाडीला हात न लावता स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजायचे. त्यांचे अंदाज इतरांपेक्षा जास्त चुकले. गंमत पुढंच आहे. ‘तुम्हाला शरीरातलं कितपत कळतं?’ असं विचारल्यावर याच लोकांनी ‘खूप कळतं’ असं इतरांपेक्षा ठासून सांगितलं. आणि वाटणं व कळणं यांतलं अंतर ज्याच्यात मोठं, त्याच्यात चिंताही मोठी. आतून गलका ऐकू येतोय, पण शब्द लागत नाहीत, अशी काहीशी ती अवस्था असावी.

मग त्या ताटाकडे पुन्हा बघा. आग दुपारी बारालाच तळपायाला लागली होती. ती गुडघ्याला आली, पोटात आली, छातीत आली. वाटेतल्या एकाही स्टेशनावर घोषणा झाली नाही. पोराला कळलं ते थेट मस्तकात पोचल्यावर. ‘अचानक काय झालं’ असं आई म्हणते, तोही म्हणतो, आणि दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलतात.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपला मेंदू दिवसभर पुढच्या क्षणाचे अंदाज बांधत असतो. पंखा फिरतोय तर फिरत राहील, गणित सुटत आलंय तर सुटेल. अंदाज जुळले की तो निवांत राहतो. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२मध्ये मांडलं की स्वमग्न मेंदू या जुन्या अंदाजांवर कमी विसंबतो आणि समोर येणारी प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी, पहिल्यांदाच आल्यासारखी घेतो. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातला सूर असा की स्वमग्न माणसासाठी जग वाजवीपेक्षा जास्त खरं होऊन बसतं. यावर वाद आहे, पण मला ही कल्पना फार सुंदर वाटते. ट्रॅक्टरवरचं गाणं तुम्ही-आम्ही दहा सेकंदांत ऐकेनासे होतो. ते पूर्ण वेळ ऐकत राहणाऱ्या मुलाची दुपार किती लांब असेल!

आमच्याकडे उन्हाळ्यात रानातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळतो. तेव्हा कुणी डीपीला नालायक म्हणत नाही, आणि शेवटची मोटार ज्यानं चालू केली त्याच्यामुळंच जळाला असंही शहाणा माणूस म्हणत नाही. लोड जास्त झाला, असं म्हणतात. ताटाचंही तसंच. हट्ट करणारं पोर डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतं, कोण बघतंय, काय मिळतंय. हवं ते मिळालं की थांबतं. लोड आलेलं पोर कुणाकडेच बघत नाही, आणि हवं ते दिलं तरी थांबत नाही. दोन्हींना एकच औषध देणं ही आपली सगळ्यात मोठी चूक.

अशा वेळी बोलू नये. बोललंच तर तीन-चार शब्द. ताण चढला की विचार करणारा, शब्द जुळवणारा कपाळामागचा मेंदू मागं सरतो. मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्नस्टन यांनी त्यावर आयुष्यभर काम केलंय. ‘कामून असं करायलास’ या प्रश्नाचं उत्तर ज्या खोलीत असतं, तिला त्या घटकेला कुलूप लागलेलं असतं. प्रश्न म्हणजे आणखी एक मोटार. आवाज कमी करा, माणसं बाहेर काढा, डोक्याखाली उशी सरकवा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा आणि जवळ पण थोडं लांब बसा. ताण सुरू झाल्यावर कॉर्टिसोल हे संप्रेरक वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोचतं. म्हणजे बाहेरून शांत दिसणारं पोर आतून अजून चढणीवर असू शकतं. समजुतीचं भाषण पाच मिनिटांत सुरू करणारे बाप (मी यात स्वतःला धरतो) हमखास दुसरा भडका उडवतात.

पण खरं अवघड काम रात्रीचं आहे. गोधडीतल्या वाक्याचं.

डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली किशोरवयाबद्दल एक मजेशीर कल्पना मांडली. या वयात प्रत्येकाला एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. साध्या मुलाच्या बाबतीत तो काल्पनिक असतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत वर्ग खरंच हसलेला असतो. त्यात आमचा मुलूख मार्कांचा. लातूर पॅटर्ननं हजारो पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याचं कौतुक आहेच. पण लग्नात, बसस्टँडवर, किराणा दुकानात ‘किती पडले?’ हा प्रश्न आमच्याकडे नमस्काराच्या जागी विचारतात. अशा हवेत वाढलेलं पोर शिकतं काय, तर प्रत्येक गोष्टीला मार्क असतात आणि ते मार्क माणसाचे असतात. ताट फेकलं, शून्य. कुणाला? मला.

आईबाप घाईघाईनं म्हणतात, ‘नाही रे बाळा, तू किती हुशार आहेस!’ पोर पुरावा मागतं. नेमकेपणा हा या मुलांचा स्वभाव. वाक्य खोटं वाटलं की ते आईच्या मायेसाठी खरं धरत नाहीत. शिवाय ‘हुशार’ हाही मार्कच. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८मध्ये पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत चांगली घेतलीस’. पुढं अवघड कोड्यात हार खाल्ल्यावर ‘हुशार’ गटाची जिद्द जास्त खचली, आणि स्वतःचे मार्क वाढवून सांगणारी मुलंही त्याच गटात जास्त निघाली.

मग म्हणायचं काय? याचं उत्तर महाराष्ट्रात केव्हाचं येऊन बसलंय. अल्बर्ट एलिस (१९१३ ते २००७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी इथं रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्यात १९९०मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घरोघरी नेली, आणि अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळं तो माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. एलिस यांचं म्हणणं असं: कृतीला खुशाल मार्क द्या, माणसाला देऊ नका. चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. एवढ्या उलाढालीच्या, बदलत्या प्राण्याला एकच आकडा लावणं हा मुळात हिशेबातला घोटाळा आहे. मला वाटतं, हा मुद्दा स्वमग्न पोराला आपल्यापेक्षा लवकर पटू शकतो, कारण त्यात लाडीगोडी नाही, नियम आहे. अर्धापूरच्या केळीचा घड समोर ठेवा. एक केळं काळं पडलंय. ते काळंच आहे, त्याला पिवळं म्हणायचं नाही. पण घडाला काळा म्हणणं चूक. ‘ताट फेकलं ही कृती चुकली. भिंत पुसायची आहे, फडकं हे घे.’ इथं वाक्य संपतं. ‘तू असाच आहेस’ हे पुढं जोडायचं नाही. पोर म्हणेल, ‘माझी सगळीच काळी आहेत.’ तर वाद घालू नका, कागद घ्या आणि मोजा. आज शाळेत गेला, तीन गणितं बरोबर आली, शेळीला पाला टाकला. बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं या मुलांना दिसतं.

स्वतः एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे. मग त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बागेत महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या बायकांशी बोलायचं ठरवलं. १३० जणींच्या शेजारी बसले. ३० उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. एकीनं भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. एलिस हे हसत सांगायचे: कुणी मला खाल्लं नाही. वयात आलेल्या पोराला ही गोष्ट आकड्यांसकट सांगून बघा. आकडे असले की ही पोरं कान देतात.

‘मी बिघडलोय’ या वाक्याला आणखी एक वाट आहे. ऑस्ट्रेलियाचे कुटुंब-समुपदेशक मायकल व्हाइट यांनी १९८०च्या दशकात मुलांबरोबर काम करताना त्रासाला मुलापासून सोडवून वेगळं नाव द्यायला सुरुवात केली, आणि मग मूल व घर मिळून त्या त्रासाच्या मागावर निघायचे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या ‘उम्मीद’ या केंद्रात अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर हीच पद्धत वापरतात. नायगावात त्याचं नाव ‘लोड’ ठेवता येईल. ‘तू चिडलास’च्या जागी ‘लोड कधी आला?’ वाक्य एवढंसं बदललं, की पोर आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून तपास करणाऱ्यांत येऊन बसतं.

आणि तपासाला मीटर हवं. घरात ते छताखाली भिंतीवर आहेच: पंख्याचा रेग्युलेटर, एक ते पाच. कारी डन ब्युरॉन यांनी २००३मध्ये स्वमग्न मुलांसाठी पाच आकड्यांची पट्टी लोकप्रिय केली; ही तिचीच गावठी आवृत्ती समजा. ‘राग आलाय का?’ याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला ‘पंखा कितीवर आहे?’ याचं देता येतं. प्रत्येक आकड्याला भावनेचं नाव न देता अंगाची खूण द्यायची, आणि ती पोरानंच शोधायची. दोनवर पाय हलायला लागतो. तीनवर जबडा आवळतो. चारवर कान गरम होतात, आवाज टोचायला लागतात. पाच म्हणजे ताट. इथं आपल्या जुन्या वाक्प्रचारांचा उपयोग होतो. शब्दशः अर्थ घेणारं पोर ‘तळपायाची आग’ ऐकून खरंच तळपायाकडे बघेल. बघू दे. आपल्याला तेच हवंय. तीनवर असताना काय करायचं तेही निवांत दिवशीच ठरवायचं: पाणी, अंधारी खोली, गच्चीवर दहा चकरा. पाचवर नियम शिकवता येत नाहीत.

हे शिकता येतं का? ब्रिटनमध्ये १२१ स्वमग्न प्रौढांवर एक चाचणी झाली, २०२१मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला सहा बैठकांत ठोके ओळखायला शिकवलं: अंदाज कर, खरा आकडा बघ, थोडा व्यायाम करून धडधड वाढव, पुन्हा ओळख. तीन महिन्यांनी त्यांतले ३१ टक्के चिंताविकाराच्या बाहेर आलेले होते. दुसऱ्या प्रकारचं प्रशिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. प्रौढांचा एकच अभ्यास, त्यावर मनोरे रचू नयेत. पण स्वतःचे ठोके मोजून कुणाची भीती ओसरावी, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. ‘मेलेलं बरं’ हे पोर म्हणालं, तर ते बोलायची पद्धत म्हणून सोडू नका. केंब्रिजच्या एका क्लिनिकमध्ये प्रौढ वयात निदान झालेल्या ३७४ जणांची माहिती २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या मनात आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा विचार आलेला होता. ‘माझ्यात काय आहे’ हे कुणी न सांगता मोठी झालेली ती माणसं. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

निदानाबद्दल थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात; ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता धरतात. (इथंही मार्क सुटले नाहीत.) नायगावकरांना मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीचं. केंद्राच्या सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. ही वीस मिनिटं म्हणजे मेहेरबानी नाही, ती रॅम्पसारखी आहेत.

आता आईबापांचं. ‘स्वतःवर करुणा’ या विषयाचं मोजमाप २००३मध्ये ज्यांनी प्रथम तयार केलं त्या क्रिस्टिन नेफ यांचा मुलगा स्वमग्न आहे. पीएच.डी.साठी त्या म्हैसुरात राहिल्या होत्या, आणि करुणेची कल्पना त्यांनी बौद्ध विचारातून घेतली. मुलगा लहान असताना इंग्लंडला जाणाऱ्या विमानात दिवे मंद झाले आणि त्यानं आकांत मांडला. सगळं विमान बघतंय. त्या त्याला उचलून स्वच्छतागृहाकडे गेल्या, तर दारावर ‘आत कुणीतरी आहे’. दाराबाहेरच्या चिंचोळ्या जागेत मुलाला धरून बसल्या, आणि त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मनातल्या मनात स्वतःला सांगत राहिल्या, की हे फार अवघड चाललंय तुझं. विमानाच्या जागी नांदेड-देगलूर एस.टी. घाला. ‘पोराला वळण नाही’ म्हणणारी मागच्या सीटवरची मावशीही आहेच.

नेफ यांचा अनुभव असा, की त्या शांत झाल्या की मुलगाही निवायचा. मूल वाचतं ते आपल्या उपदेशापेक्षा आपला चेहरा. ज्या घरात बाप वरण सांडल्यावर स्वतःला ‘मूर्ख’ म्हणतो, तिथं पोर ताट फेकल्यावर स्वतःला काय म्हणणार?

म्हणून रेग्युलेटरच्या खेळात पहिली पाळी पोराची नसावी. आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा दिवसभरात तुमचा पंखा कितीवर गेला होता आणि अंगात कुठं कळलं, ते आधी तुम्ही सांगा. त्याला लगेच विचारू नका. सातआठ दिवस नुसतं ऐकू द्या.